गोव्यात जुन्या रेडिओचे सुटे भाग आणि त्यांची खोकी: शोधायची कशी, तपासायची कशी, टिकवायची कशी

गोव्यात रेडिओचे जुने सामान विकत घ्यायला निघालात तर सगळ्यात आधी ओलावा ओळखायला शिका. कुलूप लागलेल्या घराच्या माळ्यावर चार-पाच पावसाळे काढलेली पेटी बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतले निम्मे सामान संपलेले असते. कुठले निम्मे, हे ठरलेले असते. काचेचे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग), स्टेशन लावायचा फिरत्या पत्र्यांचा गँग कंडेन्सर ही मंडळी दमट हवेला दाद देत नाहीत. कागदी कंडेन्सर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा), कार्बनचे रेझिस्टर आणि स्पीकरचा कागदी कोन यांना ओलावा खाऊन टाकतो. आणि सगळ्यात आधी जाते ते पुठ्ठ्याचे खोके. वस्तू कुठली, कोणी बनवली, गोव्यात कधी आली याचा पुरावा त्या खोक्यावरच छापलेला असतो, म्हणून या लेखात खोक्याला व्हॉल्व्हइतकेच महत्त्व दिले आहे.

१. निघण्याआधी पिशवीत काय हवे

- डिजिटल मल्टिमीटर, ताज्या बॅटरीसह
- दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि छोटा टॉर्च
- रंगकामाचा मऊ, रुंद ब्रश
- अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे दोन (लहान व्हॉल्व्ह त्यात उभे, नीट बसतात)
- झिपच्या पिशव्या, बटर पेपर, थोडे बबल रॅप
- शिसपेन्सिल आणि कोरी कार्डे
- सुटे पैसे

वर्तमानपत्राचा कागद खोक्याला थेट गुंडाळू नका. त्याची शाई दमट हवेत फिकट पुठ्ठ्यावर उतरते आणि मग निघत नाही.

कागदपत्र म्हणाल तर एकच, पण ते टाळू नका: विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख, वस्तू, किंमत आणि सही असलेली पावती. भंगारवाल्याकडचा माल कुठून आला हे तुम्हाला ठाऊक नसते. उद्या कोणी विचारलेच तर हातात काहीतरी असावे.

२. कुठे आणि कधी शोधायचे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ही सुरुवातीला बरी जागा. जुन्या वस्तूंचे पथारीवाले गाठायचे तर सकाळी लवकर जा. उन्हे चढली की गर्दी भाजी-मासळीची होते आणि खाली बसून भिंग लावायला जागा उरत नाही. हणजुणेचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठी भरतो. तिथे शोभेचे सबंध रेडिओ दिसतील, सुटे भाग क्वचितच, आणि भावही पर्यटकांसाठीच लावलेले असतात.

खरा माल दोन ठिकाणी मिळतो. एक म्हणजे बंद पडत चाललेली रेडिओ दुरुस्तीची दुकाने. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा इथल्या जुन्या बाजारपेठांच्या गल्ल्यांत टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. वडिलांच्या काळातला खण अनेकांकडे असतो. दुपारी एक ते साडेतीन-चार बऱ्याच दुकानांची फळी लागलेली असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही. दुसरे म्हणजे रिकामी होणारी घरे. वारसदार पोर्तुगालला, इंग्लंडला किंवा आखातात, आणि घर विकायला काढलेले. अशी घरे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत उघडतात, कारण पावसाआधी कौले परतायची असतात आणि माळा मोकळा करावा लागतो. चतुर्थीआधीच्या साफसफाईतही माल बाहेर पडतो, पण तो तोवर जून-जुलैचा ओलावा पिऊन झालेला असतो. निवड असेल तर मे महिना साधा.

भंगारअड्ड्यावर आधी सांगून ठेवणे महत्त्वाचे. तिथे ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी फोडतात, स्पीकरचे चुंबक वेगळे काढतात आणि खोकी रद्दीत जातात. “मामा, रेडिओची पेटी आली तर न फोडता बाजूला ठेवा, खोक्यांसकट घेईन,” एवढे सांगून नंबर द्या.

३. माल कुठल्या काळातला हे ओळखा

गोव्यातल्या पेट्यांत तीन थर सापडतात आणि ते एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला थर १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा. तेव्हा इथे युरोपातला माल सरळ बंदरातून यायचा: फिलिप्स, टेलिफुंकन, ग्रुंडिग. खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर पोर्तुगीज मजकूर दिसतो. ‘एमिसोरा द गोवा’ या रेडिओ केंद्राचे नाव असलेला कागद याच काळातला. बिल सापडले तर चलन बघा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इथली ‘रुपिया’ जाऊन ‘एस्कुदो’ आला, सहा एस्कुदोला एक रुपिया या दराने. त्यामुळे एस्कुदोतले गोव्याचे बिल जेमतेम दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात बसते. इथे नवखे हमखास फसतात: पोर्तुगीज पद्धतीत एस्कुदो आणि सेंतावो यांच्या मध्ये डॉलरसारखे चिन्ह लिहितात, म्हणजे १५० आणि ०० यांच्या मधोमध. ते बघून ‘अमेरिकन माल आहे’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. ते अमेरिकन नव्हे, दीडशे एस्कुदो आहेत.

दुसरा थर त्यानंतरच्या भारतीय मालाचा: मर्फी, बुश, नॅशनल एको, फिलिप्स इंडिया, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे ‘बेल’चे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर. या थरात पोस्टातून मिळणारी रेडिओ लायसन्सची पुस्तके सापडतात, आत दरवर्षीच्या फीची तिकिटे चिकटवलेली. ही लायसन्स १९८० च्या दशकात रद्द झाली. पुस्तकात बहुधा सेटची माहितीही असते. पेटीतल्या भागांशी ती जुळली तर तो कागद सोडू नका.

तिसरा थर तारवट्यांनी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी, आणि आखातात गेलेल्यांनी आणलेला: जपानी ट्रान्झिस्टर सेट, त्यांची चामडी कव्हरे, इयरफोनच्या डब्या, थर्माकोलसकट खोकी.

४. व्हॉल्व्हचे खोके उघडताना

इथे घाई करू नका. खोक्याची वरची जीभ वर्षानुवर्षे दुमडलेली असते, पुठ्ठ्याचे तंतू मोडलेले असतात. जीभ ओढू नका. दोन्ही बाजूंनी खोके हलके दाबा म्हणजे तोंड फुगेल, मग जीभ आपसूक सुटते. व्हॉल्व्ह बाहेर काढताना काचेवरच्या छपाईला अंगठा लागू देऊ नका. जुनी छपाई कोरड्या बोटानेही पुसली जाते, आणि नाव गेलेल्या व्हॉल्व्हची किंमत निम्म्याहून खाली येते. वरच्या टोकाला किंवा पायांजवळ धरा.

आता टॉर्च लावा. काचेच्या आत, बहुधा टोकाकडे, आरशासारखा चंदेरी किंवा काळपट डाग दिसेल. याला गेटर म्हणतात. तो चकचकीत असेल तर आतली पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेतून हवा शिरली आणि व्हॉल्व्ह मेला. त्यावर मल्टिमीटर लावायचीही गरज नाही. मात्र असा व्हॉल्व्ह खोक्यासकट फुकटात मिळत असेल तर खोक्यासाठी घ्या.

‘न वापरलेला, जुन्या साठ्यातला’ असे सांगितले जाते तेव्हा पाय बघा. साठवणीतला पाय मंद, एकसारखा काळवंडलेला असतो. सॉकेटमध्ये घातलेल्या पायावर उभे ओरखडे दिसतात. काचेला आतून तपकिरी छटा आली असेल तर तो बरेच तास चालला आहे. दुरुस्तीवाले नवा व्हॉल्व्ह बसवून जुना त्याच खोक्यात ठेवत, त्यामुळे नव्या खोक्यात थकलेला व्हॉल्व्ह ही फसवणूकच असेल असे नाही. पण भाव वापरलेल्याचाच द्या.

खोके आणि काच यांवरची नावे जुळत नाहीत म्हणून लगेच नकली ठरवू नका. फिलिप्सच्या गटातले कारखाने एकमेकांचा माल वेगवेगळ्या नावांनी विकत: इंग्लंडात मुलार्ड, जर्मनीत वाल्वो, अमेरिकेत अँपेरेक्स, आणि बऱ्याच ठिकाणी मिनिवॉट. खरी ओळख काचेच्या खालच्या भागात कोरलेल्या बारीक करड्या अक्षरांत असते. भिंगातून दोन ओळी दिसतील. वरची ओळ व्हॉल्व्हचा प्रकार आणि आवृत्ती सांगते. खालच्या ओळीत कारखान्याची खूण, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचे अक्षर (पहिले अक्षर जानेवारी, बारावे डिसेंबर) आणि आठवडा. वर्षाचा एकच आकडा असल्याने दशक तुम्हाला खोक्याच्या छपाईवरून ठरवावे लागते. खोके आणि काच यांची ताटातूट का करू नये, ते इथे कळते. टेलिफुंकनच्या बऱ्याच व्हॉल्व्हना पायांच्या मधल्या काचेत पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते.

नावावरून प्रकार ओळखण्याची किल्ली युरोपीय मालाला लागू पडते. पहिले अक्षर हीटरचे, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचे: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे सगळे हीटर एकामागोमाग जोडलेली १०० मिलिअँपिअरची साखळी, डी म्हणजे बॅटरीवरचा. पुढची अक्षरे कामाची: एल आउटपुट (स्पीकर चालवणारा), एम मॅजिक आय (स्टेशन नीट लागले की नाही दाखवणारा चमकता डोळा), वाय आणि झेड रेक्टिफायर (ए.सी.चे डी.सी. करणारा). आकड्याची सुरुवात बैठक सांगते: ३ ने सुरू होणारा ऑक्टल, म्हणजे जाड आठ पायांचा, ४ वाला रिमलॉक (काचेच्या कडेला छोटा उंचवटा), ८ वाला नऊ पायांचा, ९ वाला सात पायांचा. म्हणजे ईएल ८४ हा ६.३ व्होल्टचा, आउटपुटचा, नऊ पायांचा.

५. मल्टिमीटरने जागेवर काय तपासायचे

मीटर २०० ओहमवर ठेवा.

व्हॉल्व्हचा हीटर: पाय खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजा. नऊ पायांच्या रेडिओ व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० यांत, हीटर ४ आणि ५ वर असतो. रिमलॉकमध्ये १ आणि ८, ऑक्टल ६ व्ही ६ मध्ये २ आणि ७. थंड हीटर अगदी कमी दाखवतो, ईएल ८४ एक-दोन ओहम, ईसीएच ८१ तीन-चार. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. पायांवर हिरवट थर असेल तर आधी तो खरवडा, नाहीतर चांगला व्हॉल्व्ह मेला म्हणून परत ठेवाल. डीके ९६, डीएफ ९६ यांसारख्या बॅटरीवाल्यांची तार केवळ २५ मिलिअँपिअरची असते. ती जुन्या काट्याच्या मीटरने तपासू नका. खालच्या रेंजला तो मीटर जास्त प्रवाह सोडतो आणि तार जळू शकते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: गोव्यातल्या मालात सगळ्यात जास्त मेलेला भाग हाच. प्रायमरीची, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीची, तार केसासारखी बारीक असते आणि चालू सेटमध्ये तिच्यावर सतत उंच डी.सी. व्होल्टेज असते. कागदात ओलावा शिरला की त्या व्होल्टेजमुळे तांबे झिजत जाते आणि एके ठिकाणी तार तुटते. वरचा कागद हलका उचलून बघा. हिरवा ठिपका दिसला तर निदान पक्के. चांगल्या प्रायमरीत साधारण दोनशे ते सातशे ओहम, सेकंडरीत, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीत, एक ओहमच्या आत. प्रायमरी तुटलेला तुकडा फक्त लोखंडी पट्ट्यांसाठी आणि मापासाठी घ्या.

मेन्स ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेला जोडलेला): आधी वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखलात की चुकत नाही. मग मीटर सर्वात वरच्या ओहम रेंजवर नेऊन वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आणि लोखंड यांच्यामध्ये लावा. तिथे काहीही आकडा येता कामा नये. काही मेगओहम दाखवले तर आत पाणी आहे. घरी आठ-दहा दिवस कोरड्या, कोमट जागी ठेवून पुन्हा तपासा, आणि सेटमध्ये घालण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वीज गळते का ते पाहणारा मीटर) बघून घ्या.

गँग कंडेन्सर: दांडा सावकाश पूर्ण फिरवत मीटर लावून ठेवा. मध्येच जोड दाखवला तर पत्रे एकमेकांना घासताहेत. पत्रे वाकवून सुधारता येतात, पण बाहेरच्या पत्र्यांच्या खाचा मुद्दाम वाकवलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. ती कारखान्यातली जुळवणी आहे.

स्पीकर: कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवून सारखा दाब देत आत ढकला. खर्रर्र असे लागले तर कोनाला जोडलेली तारेची कॉइल घासते. कसरीने खाल्लेल्या कडा तांदळाच्या खळीने आणि पातळ कागदाने जोडता येतात, अडकलेली कॉइल नवख्याला सुटत नाही.

डायलची काच: स्टेशनांची नावे काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. मागून पुसलीत, अगदी ओल्या कापडाने, की नावे कापडावर येतात. फक्त पुढची बाजू पुसा.

६. घ्या, पण चालवू नका; आणि काही घेऊच नका

मेणाचे किंवा डांबराचे कागदी कंडेन्सर दिसायला सुंदर असतात. दिसण्यासाठी जरूर घ्या, सेटमध्ये लावू नका. यांतला सगळ्यात घातक असतो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आत प्रवाह आवरणारी जाळी) जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो थोडा जरी गळला तरी ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, आणि त्याच्यामागून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. चाळीस रुपयांचा भाग वाचवायला गेलेला माणूस न मिळणारे दोन भाग गमावतो. त्या जागी ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टर लावा. अॅल्युमिनियमच्या डब्यातले जुने इलेक्ट्रोलिटिकही तसेच: डबा ठेवा, आतला माल काढून नवे छोटे कंडेन्सर आत बसवा, बाहेरचे लेबल शाबूत राहते.

एएफ ११४ ते एएफ ११७ हे चार पायांचे ट्रान्झिस्टर खोक्यात न वापरलेले मिळाले तरी खराब निघू शकतात. डब्याच्या आत कथिलाचे केसांसारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट करतात. यात वापराचा संबंध नाही, वयाचा आहे.

बाजारात कोणी “लावून दाखवतो” म्हणाले तर नको म्हणा. वीस-तीस वर्षे वीज न पाहिलेला सेट एकदम २३० व्होल्टला जोडला की वर सांगितलेले सगळे एका क्षणात घडते. शिवाय यू-वाल्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये चॅसिसच, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, मेन्सला जोडलेली असते. उघड्या चॅसिसला हात लागला तर जीव जाऊ शकतो. नवख्याने हे सेट सुट्या भागांसाठीच घ्यावेत.

आत पांढरा-करडा, पिंजल्यासारखा उष्णतारोधक कागद दिसला तर तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, झटकू नका, सेट तिथेच राहू द्या. फुगलेल्या, गळलेल्या जुन्या बॅटऱ्याही घरात आणू नका. रिकामी, कोरडी बॅटरीची खोकी मात्र जरूर घ्या. एव्हरेडी आणि एस्ट्रेलाच्या जुन्या छपाईचे रंग आज कोणी तसे छापत नाही.

७. भाव करताना

एकेका व्हॉल्व्हचा भाव विचारलात की विक्रेता मोबाइल काढतो आणि परदेशी लिलावातला सगळ्यात वरचा आकडा दाखवतो. तो आकडा तपासलेल्या, जोडी जुळवलेल्या ईएल ८४ चा असतो. समोरचा व्हॉल्व्ह कदाचित ईबीएफ ८९ असतो, ज्याला फारसे कोणी विचारत नाही. म्हणून पेटीचा एकत्र भाव विचारा. “सगळी पेटी कितीला देता?” रिकामी खोकी, तुटके नॉब, डायलची दोरी, माहितीपत्रके सगळे त्यात धरा. चांगले काय सापडले ते चेहऱ्यावर दिसू देऊ नका, पण विचारले तर खोटेही बोलू नका. गोवा लहान आहे, पुढच्या शुक्रवारी तोच माणूस समोर असतो.

घरच्या मंडळींकडून घेत असाल तर वेगळे वागा. वस्तूची खरी किंमत त्यांना ठाऊक नसेल तर सांगा. बदल्यात त्या सेटची माहिती विचारून घ्या, कोणी आणला, कुठून, कधी. ती माहिती दुसरीकडे मिळत नाही.

८. घरी आणल्यावर, पहिले पंधरा दिवस

नवी खोकी जुन्या संग्रहात लगेच मिसळू नका. कसर, झुरळांची अंडी, बुरशी सगळे सोबत आलेले असते. व्हॉल्व्ह काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा, प्रत्येकाशेजारी त्याच्या खोक्याचे कार्ड. खोकी सावलीत, पंख्याखाली दोन दिवस सुकवा. पापडासारखी उन्हात घालू नका. छपाईचे रंग उडतात आणि पुठ्ठा वाकडा होतो. बुरशी पूर्ण सुकल्यावरच, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओली बुरशी झटकली तर डाग पसरतो.

किड्यांसाठी खोकी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गोव्याची हवा थंड पुठ्ठ्यावर पाणी होऊन बसते. हे फक्त रिकाम्या खोक्यांसाठी. व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर फ्रीझरमध्ये जात नाहीत.

फाटलेली जीभ सेलोटेपने चिकटवू नका. दोन-चार वर्षांत तो पिवळा पडतो आणि डाग पुठ्ठ्यात उतरतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि टिश्यू कागदाची पट्टी आतून लावा, पुरेशी आहे. गंजलेली स्टेपलची पिन असेल तर काढून टाका.

मग घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, वीस लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. फार खाली नेलात तर पुठ्ठा कडक होऊन तडकतो. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका, त्या छपाईला चिकटतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी मापक बघा आणि जेलचा रंग बदलला की भाजून घ्या.

९. नोंद

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण तो कार्डावर लिहा, खोक्यावर नाही. खोक्याच्या सहाही बाजूंचा आणि आतल्या जिभांचा फोटो काढा. कार्डावर असू द्या: तारीख, गाव, कोणाकडून (दुकान, घर, भंगार), दिलेली किंमत, काचेवरचा कोड, मीटरचे आकडे, आणि मिळाला तेव्हा कुठल्या खोक्यात कुठला व्हॉल्व्ह होता. चांगल्या व्हॉल्व्हला चांगले खोके शोभेल म्हणून अदलाबदल करू नका. मर्फीच्या मेकॅनिकने बेलच्या खोक्यात ठेवलेला मुलार्ड असेल तर तो तसाच राहू द्या, कार्डावर तसे लिहा.

ज्या भागांचा तुम्हाला उपयोग नाही ते परत भंगारात टाकण्याआधी जवळच्या एखाद्या जुन्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. आय.एफ. ट्रान्सफॉर्मरचे (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलचे) डबे, बँड स्विच, डायलचे ड्रम यांची त्याला अजून गरज पडते, आणि तुम्हाला हवा असलेला ईझेड ८० त्याच्याच खणात असण्याची शक्यता बरीच असते.